फार्माकॉलॉजीतलं इंग्रजी : मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डी.फार्म., बी.फार्म., नर्सिंग किंवा एमबीबीएसला असलेल्या आणि दहावीपर्यंत विज्ञान मराठीतून शिकलेल्या विद्यार्थ्यांसाठी हे पान आहे. अकरावीत इंग्रजी पुस्तकं हातात येतात, तेव्हा बसलेला धक्का फार्माकॉलॉजीच्या पहिल्या तासाला पुन्हा बसतो. इथली उत्तरं परीक्षेसाठी आहेतच, पण औषधाच्या काउंटरवर आणि वॉर्डातही ती लागतील.

पानागणिक वीस-पंचवीस शब्द अडतात. सुरुवात कुठून करायची?

अडलेले शब्द आधी तीन ढिगांत वेगळे करा. पहिल्या ढिगात तुम्हाला मराठीतून आधीच येणाऱ्या गोष्टी येतील. एन्झाइम म्हणजे विकर, हॉर्मोन म्हणजे संप्रेरक, मेटाबोलिझम म्हणजे चयापचय, एक्स्क्रीशन म्हणजे उत्सर्जन, पॅनक्रियास म्हणजे स्वादुपिंड. हे सगळं तुम्ही शाळेत शिकलेलं आहे, इथे फक्त नाव बदललं. दुसऱ्या ढिगात ग्रीक-लॅटिन तुकड्यांचे लांबलचक शब्द येतील. तिसऱ्यात साधे, रोजचे वाटणारे, पण इथे वेगळाच अर्थ असलेले इंग्रजी शब्द.

बहुतेक जण दुसऱ्या ढिगाला घाबरतात. खरं नुकसान तिसरा करतो, कारण शब्द ओळखीचा वाटतो आणि तो बघायला कुणी शब्दकोश उघडत नाही.

किडनीला कधी ‘किडनी’, कधी ‘रीनल’, कधी ‘नेफ्रो’ का म्हणतात?

इंग्रजीत अवयवाचं नाव एका घराण्यातलं असतं आणि त्याचं विशेषण दुसऱ्या. नाव बहुतेकदा जुन्या इंग्रजीतून आलेलं, विशेषण लॅटिन किंवा ग्रीकमधून. लिव्हर पण हेपॅटिक, हार्ट पण कार्डिॲक, लंग पण पल्मोनरी, स्टमक पण गॅस्ट्रिक, टंग पण लिंग्वल, स्किन पण डर्मल किंवा क्युटेनिअस. किडनीसाठी लॅटिन ‘रीनल’ आणि ग्रीक ‘नेफ्रो’ दोन्ही चालतात. साधारणपणे रक्तप्रवाह, कार्य, उत्सर्जन यांच्याबद्दल बोलताना ‘रीनल’ येतं, तर आजार आणि विषारी परिणाम यांच्या नावात ‘नेफ्रो’ : नेफ्रायटिस, नेफ्रोटॉक्सिक.

अशा पंधरा-सोळा जोड्या एका कागदावर लिहून पाठ केल्या की औषध देण्याच्या मार्गांची नावंही सुटतात. ‘सब’ म्हणजे खाली, म्हणून सबलिंग्वल म्हणजे जिभेखाली आणि सबक्युटेनिअस म्हणजे त्वचेखाली. ‘इंट्रा’ म्हणजे आत, म्हणून इंट्राव्हीनस म्हणजे शिरेच्या आत. ‘एंटेरिक’ म्हणजे आतड्याशी संबंधित. एंटेरिक कोटेड गोळी जठरात विरघळू नये, आतड्यात विरघळावी अशी बनवलेली असते. ती कुटून दिली तर कोटिंगचा उद्देशच संपतो.

लांब शब्द फोडायचा कसा?

शेवटाकडून. शेवटचा तुकडा शब्दाची जात सांगतो, मधला विषय सांगतो आणि पहिला दिशा किंवा प्रमाण. ‘हायपोकॅलीमिया’ घ्या. ‘ईमिया’ म्हणजे रक्तात असणं, ‘कॅली’ म्हणजे पोटॅशियम, ‘हायपो’ म्हणजे कमी. पोटॅशियमची संज्ञा ‘के’ का, हा प्रश्न आठवीत पडला असेल तर उत्तर इथे आहे : लॅटिन ‘कॅलियम’. सोडियमचं ‘नॅट्रियम’, म्हणून रक्तातलं सोडियम घटणं म्हणजे हायपोनॅट्रीमिया.

‘पॅरासिम्पथोमिमेटिक’ हा अक्राळविक्राळ शब्दही तसाच सुटतो. ‘मिमेटिक’ म्हणजे नक्कल करणारं, म्हणून पॅरासिम्पथेटिक चेतासंस्थेची नक्कल करणारं औषध, जसं पायलोकार्पिन. ‘लायटिक’ म्हणजे तोडणारं किंवा थोपवणारं, म्हणून पॅरासिम्पथोलायटिक म्हणजे ॲट्रोपिनसारखं औषध. हे दोन शेवट नीट कळले की स्वायत्त चेतासंस्थेचं अर्धं प्रकरण नावातूनच उलगडतं.

एक धोका मात्र आहे. ‘हायपर’ आणि ‘हायपो’ घाईत बोलले तर सारखेच ऐकू येतात. वॉर्डात किंवा फोनवर नुसतं ‘हायपोकॅलीमिया’ म्हणू नका. ‘पोटॅशियम कमी आहे, २.९’ असा आकडा सांगा.

औषधांची शेकडो नावं लक्षात कशी ठेवायची?

जेनेरिक नावाची शेपटी पकडायची. औषधांना जगभर एकच नाव असावं म्हणून जागतिक आरोग्य संघटना आंतरराष्ट्रीय अव्यापारी नावं ठरवते आणि ही व्यवस्था १९५३ पासून चालू आहे. एकाच गटातल्या औषधांना शक्यतो एकच ओळखीचा तुकडा दिला जातो. ‘ओलॉल’ म्हणजे बीटा ब्लॉकर : ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल. ‘प्रिल’ म्हणजे एसीई इनहिबिटर : एनालाप्रिल, रॅमिप्रिल. ‘सार्टान’ म्हणजे अँजिओटेन्सिन रिसेप्टर ब्लॉकर : लोसार्टान, टेल्मिसार्टान. ‘डिपीन’ म्हणजे कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर : ॲम्लोडिपीन, निफेडिपीन. मधुमेहात ‘ग्लिप्टिन’ आणि ‘ग्लिफ्लोझिन’. प्रतिजैविकांत ‘सिलिन’, ‘फ्लॉक्सासिन’ आणि पुढे लागणारं ‘सेफ’. विषाणूंवर ‘व्हिर’. बधिर करणारी ‘केन’. ‘मॅब’ म्हणजे मोनोक्लोनल अँटिबॉडी.

ब्रँडनावाला असा कोणताही नियम नाही, ते कंपनीच्या मर्जीचं असतं. म्हणून अभ्यास कायम जेनेरिक नावानेच करा.

शेपटीवर डोळे झाकून विश्वास ठेवला तर?

फसाल, आणि सर्वांत जास्त ‘झोल’वर. ओमेप्राझोल आम्ल कमी करतं, फ्लुकोनाझोल बुरशीवर, मेट्रोनिडाझोल अमीबा आणि ॲनएरोबिक (ऑक्सिजनशिवाय वाढणाऱ्या) जिवाणूंवर, अल्बेंडाझोल जंतांवर, लेट्रोझोल स्तनाच्या कर्करोगात आणि एरिपिप्राझोल मानसिक आजारात. त्यामुळे नुसतं ‘झोल’ पाठ करू नका, त्याच्या आधीचा तुकडाही धरा : प्राझोल, कोनाझोल, निडाझोल, बेंडाझोल. तरीही ‘एरिपिप्राझोल’मध्ये ‘प्राझोल’ ऐकू येतंच. तिथला खरा तुकडा ‘पिप्राझोल’ आहे.

‘स्टॅटिन’चंही असंच. कोलेस्टेरॉलच्या औषधांचा पूर्ण तुकडा ‘व्हॅस्टॅटिन’ आहे : ॲटोरव्हॅस्टॅटिन, रोझुव्हॅस्टॅटिन. निस्टॅटिनचा त्यांच्याशी काही संबंध नाही, ते बुरशीवरचं औषध. एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राउन या दोघींनी ते १९५० साली शोधलं आणि न्यूयॉर्क स्टेटवरून त्याचं नाव पडलं. ‘मायसिन’ ही शेपटी तर कृतीबद्दल काहीच सांगत नाही, औषध कोणत्या सूक्ष्मजीवापासून मिळालं एवढंच सुचवते. एरिथ्रोमायसिन, क्लिंडामायसिन आणि व्हॅन्कोमायसिन तीन वेगळ्या गटांतली आहेत.

शेपटी सोडून बाकी नावही जुळतं तेव्हा चूक जिवावर बेतू शकते. क्लोरप्रोमाझिन मानसिक आजारावर, क्लोरप्रोपामाइड मधुमेहावर. सायक्लोसेरीन क्षयरोगावर, सायक्लोस्पोरिन प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी. अशा जोड्यांचं स्पेलिंग हाताने लिहूनच पाठ करा. नुसतं वाचून फरक डोळ्यांत बसत नाही.

साधे शब्द वेगळ्या अर्थाने येतात म्हणजे नेमके कोणते?

‘ॲडमिनिस्ट्रेशन’ म्हणजे इथे प्रशासन नाही, रुग्णाला औषध देणं. ‘इंडिकेशन’ म्हणजे औषध ज्यासाठी द्यायचं ते कारण. ‘व्हेइकल’ म्हणजे औषध ज्यात मिसळलेलं असतं तो द्रव किंवा मलमाचा आधार. ‘फ्री ड्रग’ म्हणजे रक्तातल्या प्रथिनांना न चिकटलेला, मोकळा राहिलेला भाग. वॉरफरिनचा सुमारे ९९ टक्के भाग प्रथिनांना बांधलेला असतो आणि काम करतो तो उरलेला मोकळा १ टक्का. ‘रेस्पिरेटरी डिप्रेशन’मध्ये नैराश्य नाही, श्वसन मंदावलेलं असतं. ‘हार्ट फेल्युअर’ म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे, त्याला पुरेसं रक्त पुढे ढकलता न येणं. ‘ड्रग ऑफ चॉइस’ म्हणजे त्या आजारात प्रथम पसंतीचं औषध.

क्रियापदं आणखी अवघड. रसायनशास्त्रात ‘प्रेसिपिटेट’ म्हणजे अवक्षेप. इथे ‘प्रोप्रॅनोलॉल मे प्रेसिपिटेट ॲन ॲस्थमा ॲटॅक’ म्हणजे प्रोप्रॅनोलॉलमुळे दम्याचा झटका येऊ शकतो. ‘मास्क’ म्हणजे लक्षण झाकणं. बीटा ब्लॉकर घेणाऱ्या मधुमेहीची साखर घसरली तर छातीतली धडधड आणि थरथर झाकली जाते, घाम मात्र येतो. ‘स्पेअर’ म्हणजे राखणं. स्पायरोनोलॅक्टोन ‘पोटॅशियम-स्पेअरिंग’ आहे, म्हणजे लघवीवाटे पोटॅशियम जाऊ देत नाही आणि म्हणूनच रक्तात ते वाढण्याचा धोका असतो. ‘टेपर’ म्हणजे मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवणं. बरेच दिवस चाललेलं प्रेडनिसोलोन एकदम थांबवायचं नसतं, तिथे हा शब्द येतो. ‘रिफ्रॅक्टरी’ म्हणजे उपचाराला दाद न देणारा.

पोटन्सी, एफिकसी, स्ट्रेंग्थ : तिन्ही म्हणजे ताकदच ना?

मराठीत तिन्हींना ‘ताकद’ म्हटलं की गोंधळ ठरलेला, म्हणून या तिघांना मराठी प्रतिशब्द न देता इंग्रजीच ठेवा आणि उदाहरण जोडा.

पोटन्सी म्हणजे ठरावीक परिणामासाठी किती मात्रा लागते. बुमेटॅनाइडची १ मिलिग्रॅम मात्रा साधारण फ्युरोसेमाइडच्या ४० मिलिग्रॅमइतकं काम करते, म्हणून बुमेटॅनाइड सुमारे ४० पट जास्त पोटंट. एफिकसी म्हणजे मात्रा कितीही वाढवली तरी जास्तीत जास्त किती परिणाम मिळेल. हायड्रोक्लोरोथायझाइड कितीही वाढवा, फ्युरोसेमाइडइतकी लघवी ते करवू शकत नाही. म्हणजे फ्युरोसेमाइडची एफिकसी जास्त. आलेखात पोटन्सी रेषेची डावी-उजवी जागा दाखवते आणि एफिकसी तिची उंची. डॉक्टर औषध निवडताना सहसा एफिकसीकडे बघतात. कमी मिलिग्रॅम लागतात एवढ्यावरून औषध सरस ठरत नाही. स्ट्रेंग्थ मात्र नुसती पाकिटावरची बाब आहे : एका गोळीत ५०० मिलिग्रॅम की ६५०.

याच घोळक्यातला चौथा शब्द ‘ॲफिनिटी’, म्हणजे ग्राहीला (पेशीवरच्या रिसेप्टरला) चिकटण्याची ओढ. ॲगोनिस्ट ग्राहीला चिकटतो आणि त्याला कामालाही लावतो. अँटॅगोनिस्ट चिकटतो, पण कामाला लावत नाही, उलट जागा अडवून बसतो. नॅलॉक्सोनला ॲफिनिटी भरपूर आहे, स्वतःचा परिणाम नाही, म्हणूनच ते मॉर्फिनच्या विषबाधेवर उतारा ठरतं.

‘हाफ लाइफ’ म्हणजे औषधाचा परिणाम निम्मा होण्याचा वेळ का?

नाही. रक्तद्रवातलं औषधाचं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ. परिणाम त्यापेक्षा लवकर किंवा उशिरा ओसरू शकतो. १०० पासून सुरुवात केली तर प्रत्येक हाफ लाइफनंतर ५०, २५, १२.५, ६.२५ आणि साधारण ३ उरतात. पाच हाफ लाइफमध्ये जवळपास ९७ टक्के औषध गेलेलं असतं. ठरावीक वेळाने औषध देत राहिलं तर ‘स्टेडी स्टेट’, म्हणजे जितकं औषध शरीरात येतं तितकंच बाहेर जातं ती स्थिती, यायलाही चार ते पाच हाफ लाइफच लागतात. डिगॉक्सिनची हाफ लाइफ सुमारे ४० तास धरली तर हा काळ जवळपास आठवडाभराचा होतो. तेवढं थांबणं परवडत नसेल तेव्हा आधी मोठी ‘लोडिंग डोस’ आणि मग रोजची ‘मेंटेनन्स डोस’ देतात.

‘व्हॉल्यूम ऑफ डिस्ट्रिब्युशन’ या शब्दाने तर हमखास चकवा बसतो. हे खरंखुरं आकारमान नाही, हिशोबातून निघणारा आभासी आकडा आहे. शरीरात पाणी ४२ लिटरच्या आसपास, आणि डिगॉक्सिनचा हा आकडा काही शे लिटर येतो. त्याचा अर्थ एवढाच की औषध रक्तात थोडं आणि ऊतींमध्ये भरपूर बसलेलं आहे.

जोडशब्द आणि छोटे शब्द वाचताना अर्थ उलटा लागतो. काय करावं?

कर्ता कोण, हे आधी शोधा. ‘ड्रग-इन्ड्यूस्ड’ म्हणजे औषधजन्य. ‘डोस-डिपेंडंट’ म्हणजे मात्रा वाढेल तसं वाढणारं. ‘रेझिस्टंट’पाशी जास्त जपा. ‘मेथिसिलिन-रेझिस्टंट’ म्हटलं की मेथिसिलिनला न जुमानणारा जिवाणू, आणि ‘पेनिसिलिनेज-रेझिस्टंट’ म्हटलं की जिवाणूच्या विकराला पुरून उरणारं औषध, जसं क्लॉक्सासिलिन. रचना तीच, पण एकदा रोगाची बाजू वरचढ आणि एकदा उपचाराची.

‘एन्झाइम इन्ड्यूसर’ वाचल्यावर औषधाचा परिणाम वाढतो असं पुष्कळांना वाटतं. रिफॅम्पिसिन यकृतातली विकरं वाढवतं, वाढलेली विकरं गर्भनिरोधक गोळीतल्या हॉर्मोनचा लवकर निकाल लावतात, म्हणून गोळीचा परिणाम कमी होतो. मधली पायरी गाळली की उत्तर उलटं येतं.

‘अनलेस’, ‘एक्सेप्ट’, ‘व्हेअरॲज’ आणि ‘रिस्पेक्टिव्हली’ या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारायची सवय लावा. ‘नॉट अनकॉमन’ म्हणजे बऱ्याचदा आढळणारं. ‘यूज विथ कॉशन’ म्हणजे सांभाळून द्या, ‘कॉन्ट्राइंडिकेटेड’ म्हणजे देऊ नका.

एकाच औषधाला दोन इंग्रजी नावं का सापडतात?

अमेरिकेतली नावं काही ठिकाणी वेगळी आहेत. पॅरासिटामॉल तिथे ॲसिटामिनोफेन, सल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल, ॲड्रिनॅलिन म्हणजे एपिनेफ्रिन, पेथिडीन म्हणजे मेपेरिडीन, ग्लिबेनक्लामाइड म्हणजे ग्लायब्युराइड, रिफॅम्पिसिन म्हणजे रिफॅम्पिन. नेटवरचे व्हिडिओ बघताना ही यादी जवळ ठेवा.

प्रिस्क्रिप्शनवरची अक्षरं इंग्रजी शब्दांशी का जुळत नाहीत?

बरीचशी लॅटिन आहेत म्हणून. ‘बीडी’ दिवसातून दोनदा, ‘टीडीएस’ तीनदा, ‘क्यूआयडी’ चारदा, ‘एचएस’ झोपताना, ‘एसी’ जेवणाआधी, ‘पीसी’ जेवणानंतर, ‘एसओएस’ गरज पडली तरच, ‘स्टॅट’ म्हणजे आत्ता लगेच. ‘ओडी’ आपल्याकडे दिवसातून एकदा, पण डोळ्यांच्या चिठ्ठीवर तेच अक्षर उजवा डोळा असू शकतं. ‘१-०-१’ ही आपल्याकडची पद्धत सकाळ-दुपार-रात्र या क्रमाने वाचायची.

चुका कुठे होतात तेही बघा. दशांशचिन्हानंतर उगाच शून्य दिलं तर १.० चे १० वाचले जातात. आधीचं शून्य गाळलं तर अर्ध्याचे पाच होतात. मायक्रोग्रॅमचं ग्रीक अक्षर घाईत मिलिग्रॅमसारखं दिसतं आणि मात्रा हजारपट चुकते. इन्सुलिनच्या युनिटसाठी नुसतं ‘यू’ लिहिलं तर ते शून्य वाटतं, म्हणून ‘युनिट’ पूर्ण लिहा. संधिवातावर मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. ‘वीकली’चं ‘डेली’ झाल्याने रुग्ण दगावले आहेत, म्हणून तिथे वारही लिहून द्यावा.

पाकिटावरचं इंग्रजी वाचून सराव होतो का?

उत्तम होतो, आणि फुकट. ‘ॲम्लोडिपीन बेसिलेट आय.पी. इक्विव्हॅलंट टु ॲम्लोडिपीन ५ मिलिग्रॅम’ या एका ओळीत तीन धडे आहेत. बेसिलेट हा क्षार, आय.पी. म्हणजे भारतीय औषधसंहितेच्या दर्जानुसार, आणि ‘इक्विव्हॅलंट टु’ सांगतं की क्षाराचं वजन सुमारे ६.९ मिलिग्रॅम असलं तरी मूळ औषध ५ च आहे. क्षार बदलला की काही वेळा वागणूकही बदलते. मेटोप्रोलॉल सक्सिनेट सहसा हळूहळू सुटणाऱ्या गोळीत असतं, टार्टरेट लगेच सुटणाऱ्या. ‘एसआर’, ‘एक्सआर’, ‘ईआर’ म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी, ती कुटायची नाही. ‘डीटी’ (डिस्पर्सिबल टॅब्लेट) मात्र पाण्यात विरघळवण्यासाठीच असते.

लहान मुलांच्या कोरड्या सिरपवरचं ‘रीकॉन्स्टिट्यूट’ म्हणजे पावडरीत पाणी घालून औषध तयार करणं. ‘अप टु द मार्क’ म्हणजे खुणेपर्यंत भरेल इतकंच पाणी, उकळून गार केलेलं. खुणेच्या वर गेलं तर प्रत्येक चमच्यात औषध कमी पडतं.

उच्चार?

शब्दाच्या सुरुवातीच्या ‘पी-एस’ आणि ‘पी-एन’मधला ‘पी’ मुका : सायकोसिस, न्यूमोनिया. ग्रीक शब्दांतला ‘सी-एच’ म्हणजे ‘क’ : कोलिनर्जिक, क्रॉनिक. सुरुवातीचा ‘एक्स’ म्हणजे ‘झ’ : झेरोस्टोमिया, म्हणजे तोंडाला कोरड. एवढ्याने बरंच भागतं.

इंग्रजी समजलं, पण रुग्णाला मराठीत सांगताना अडतं.

ही अडचण इंग्रजी माध्यमातून आलेल्यांनाही असते, आणि ती मोलाची आहे. ड्राउझिनेस म्हणजे गुंगी, डिझिनेस म्हणजे चक्कर, व्हर्टिगो म्हणजे आजूबाजूचं गरगर फिरणं, सिंकोपी म्हणजे काही क्षण शुद्ध हरपणं. रुग्ण चौघांनाही ‘चक्कर’च म्हणेल. विचारा : झोप येते, डोळ्यांपुढे अंधारी येते, की घर फिरतं? टिंगलिंग म्हणजे मुंग्या, नंबनेस म्हणजे बधिरपणा, टिनिटस म्हणजे कानात गुणगुण.

‘औषध उष्ण पडलं’ ही तक्रार पुस्तकात सापडणार नाही. तिचा अर्थ तोंड येणं, छातीत जळजळ, लघवीची आग किंवा अंगावर पुरळ, यांपैकी काहीही असू शकतो. शेवटची शक्यता ॲलर्जीची, म्हणून नेमकं काय झालं ते विचारल्याशिवाय सोडू नका. ‘जुलाबाची गोळी द्या’ या वाक्याचे तर दोन विरुद्ध अर्थ होतात : जुलाब थांबवणारी किंवा पोट साफ करणारी. लोपेरामाइड आणि बिसाकोडिल यांच्यात गफलत नको असेल तर ‘पोट साफ होत नाहीये की जुलाब होतायत?’ हे विचारूनच द्या.

वही कशी ठेवावी?

रोज दहा शब्द पुरेत. प्रत्येकासमोर चार गोष्टी लिहा : देवनागरीत उच्चार, शब्दाचे तुकडे, एका ओळीत मराठी अर्थ आणि एखाद्या खऱ्या औषधाचं वाक्य. चौथा रकाना रिकामा ठेवू नका. ‘क्लिअरन्स’समोर नुसतं ‘सफाई’ लिहिलं तर परीक्षेत काही आठवणार नाही. दुसऱ्या, सातव्या आणि तिसाव्या दिवशी अर्थ झाकून उजळणी करा. सर्वसाधारण इंग्रजी-मराठी शब्दकोश तिसऱ्या ढिगासाठी वापरू नका, तिथे वैद्यकीय शब्दकोशच लागतो.

प्रश्नपत्रिकेतल्या आज्ञार्थी शब्दांत फरक असतो का?

असतो, आणि त्यावर गुण जातात. ‘एन्युमरेट’ म्हटलं असेल तर नावांची यादी पुरे, वर्णनात वेळ घालवू नका. ‘क्लासिफाय’ला गट आणि प्रत्येक गटात किमान एक-दोन औषधं हवीत. ‘डिफरन्शिएट’ला समोरासमोर तक्ता. ‘जस्टिफाय’ला कारण हवं, तेही कृतीच्या पातळीवर. ‘दम्यात प्रोप्रॅनोलॉल का देत नाहीत’ याला ‘धोकादायक आहे’ हे उत्तर पुरत नाही. श्वासनलिकांमधले बीटा-२ ग्राही अडतात, नलिका आकुंचन पावतात आणि श्वास कोंडतो, या तीन पायऱ्या क्रमाने लिहाव्या लागतात.